नाशकात बसून रडार आणि सॅटेलाइटवरून पाऊस कसा काढायचा, अगदी पहिल्यापासून

आमच्या दाजींची द्राक्षबाग दिंडोरीकडे आणि मी राहतो सिडकोत, त्यामुळे ऑक्टोबर छाटणी झाली की माझा फोन वाजतो तो एकाच कारणासाठी. "काय रे, पडला का पाऊस तुझ्या कॉम्प्युटरमधे?"

हा टोमणा मी कमावलेला आहे. पहिल्या वर्षी मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की रडारवर लाल दिसतंय, तासाला चाळीस मिलिमीटर तरी येणार, फवारणी थांबवा. त्यांनी थांबवली, माणसं घरी पाठवली, आणि पडले ते चार थेंब, पानं पण नीट ओली झाली नाहीत. मग आठ दिवसांनी रडारवर नुसता फिका हिरवा होता म्हणून मी म्हटलं काही नाही हो, करा फवारणी, आणि रात्रभर पाऊस चालू राहिला, औषध सगळं धुवून गेलं. डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशीरोगाच्या) दिवसात हे म्हणजे काय ते बागवाल्यांना सांगायला नको.

तर चूक रडारची नव्हती, मी चित्र बघत होतो पण ते चित्र नाशिकच्या बाबतीत नक्की कशाचं आहे हे मला माहीतच नव्हतं. खाली जे लिहितोय ते त्यानंतर शिकलेलं. गणित आठवीच्या वरचं नाहीये, अपूर्णांकातले घात येतात पण ते मोबाईलचा कॅल्क्युलेटर करतो.

पहिली पायरी: आधी डबा

लोक थेट रडारची वेबसाइट उघडतात. नका उघडू. आधी गच्चीवर किंवा शेतात एक डबा ठेवा, कारण तुमच्याकडे खरा आकडा नसेल तर रडारचा आकडा बरोबर की चूक हे कळणार कसं.

पंधरा किलोचा तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्या, वरचं झाकण पूर्ण कापा, कडा हातोडीने ठोकून घ्या म्हणजे हात कापणार नाही. आता तोंडाची लांबी रुंदी पट्टीने मोजा. माझ्या डब्याचं तोंड २३ बाय २३ सेंटीमीटर आहे, म्हणजे ५२९ चौरस सेंटीमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, त्या हिशोबाने माझ्या डब्यात दर मिलिमीटरला साधारण ५३ मिली पाणी जमतं. सकाळी ते पाणी औषधाच्या मापात ओतून मोजायचं आणि ५३ ने भागायचं, झालं. पट्टी बुडवून खोली मोजू नका, डब्याचा तळ कधीच सपाट नसतो. हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड २०० चौरस सेंटीमीटरचं असतं, तिथे २० मिली म्हणजे एक मिलिमीटर, तत्त्व तेच.

डबा उघड्यावर पाहिजे. झाड, भिंत, टाकी यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब. गच्चीच्या कठड्याला चिकटून ठेवला तर वाऱ्याने पाऊस वरून निघून जातो. मी पहिल्या पावसाळ्यात डबा शेजारच्या पत्र्याच्या पन्हाळीच्या रेषेत ठेवला होता आणि तीन आठवडे माझ्या घरी इगतपुरीचा पाऊस पडत होता.

वेळ सकाळी साडेआठ. ही वेळ माझ्या मनाची नाही, हवामान खातं २४ तासांचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असाच मोजतं. पेपरात जो "गेल्या २४ तासात" आकडा येतो तो हाच, आणि तो आदल्या दिवशीच्या दुपारचा पाऊस पण धरून असतो, हे विसरलात की पुढचं सगळं एक दिवसाने सरकतं.

दर आणि एकूण यातला फरक

हे पटकन सांगतो कारण गोंधळ इथेच होतो. रडार सांगतं तो दर, म्हणजे "आत्ता ज्या जोराने पडतोय तसा तासभर पडला तर इतके मिलिमीटर". डबा सांगतो तो एकूण. तासाला ६० मिमीच्या जोराने पाच मिनिटं पडला तर डब्यात फक्त ५ मिमी. आणि हवामान खात्याचे "जोरदार" (६४.५ ते ११५.५ मिमी), "अति जोरदार" (११५.६ ते २०४.४ मिमी) हे शब्द २४ तासांच्या एकूण पावसाचे आहेत, तासाच्या दराचे नाहीत. वॉट्सअपवर फिरणाऱ्या निम्म्या मेसेजमधे हे दोन्ही एकात एक कालवलेलं असतं.

दुसरी पायरी: रडारचं चित्र उघडा, पण योग्य चित्र

नाशिकसाठी आपल्याला बघायचंय ते मुंबईचं डॉपलर रडार. मुंबईत हवामान खात्याची दोन आहेत, कुलाब्याचं एस बँड आणि वेरावलीचं, म्हणजे जोगेश्वरीकडचं, सी बँड जे जानेवारी २०२२ मधे सुरू झालं (बँड म्हणजे लहरीची लांबी, त्याचा फरक पुढे येतो). हवामान खात्याच्या साइटवर रडारच्या पानावर मुंबई निवडलं की बरीच चित्रं दिसतात आणि नवीन माणूस हमखास पहिलं, मोठं, रंगीत असं मॅक्स झेड उघडतो. माझी चाळीस मिलिमीटरवाली फजिती याच चित्राने केली. मॅक्स झेड म्हणजे त्या जागेच्या वर जमिनीपासून ढगाच्या टोकापर्यंत कुठेही सगळ्यात जास्त जे सापडलं ते. ढगात आठ किलोमीटरवर गारा फिरत असल्या तरी ते लाल दाखवतं, खाली जमिनीवर काय येतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. वादळ किती उंच, किती जोरात वाढतंय यासाठी ते छान आहे, पावसाच्या दरासाठी नाही.

आपल्याला पाहिजे पीपीआय झेड, म्हणजे रडारने एकाच खालच्या कोनात गोल फिरून घेतलेलं चित्र. एसआरआय नावाचं पण एक असतं, त्यात दर आधीच मिमी प्रति तास असा काढून दिलेला असतो, आणि पीएसी म्हणजे जमा झालेला पाऊस. ती वापरा, पण कोपऱ्यात पल्ला लिहिलेला असतो तो बघा आणि नाशिक त्या वर्तुळात आहे का ते आधी तपासा, वर्तुळाबाहेरचा पांढरा भाग म्हणजे "पाऊस नाही" नसतो.

कोपऱ्यातलीच दुसरी गोष्ट, वेळ. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवायचे. चित्रावर १२:३० असेल तर आपल्याकडे संध्याकाळचे सहा.

आणि एक काम आजच करून ठेवा, जानेवारी फेब्रुवारीतल्या एखाद्या कोरड्या खणखणीत दिवशी हेच चित्र सेव्ह करून ठेवा. त्या दिवशी पण काही ठिपके दिसतील. ते पाऊस नाहीत, डोंगर आहेत. सह्याद्रीच्या रांगेवरून रडारची लहर परत येते. काही वेळा मध्यापासून बाहेर निघालेली सरळ काडीसारखी रेष दिसते, तीही पाऊस नाही, बहुतेक वेळा कुठल्यातरी वायरलेस उपकरणाचा सिग्नल रडारच्या कानात शिरलेला असतो, सी बँड आणि वायफाय शेजारी शेजारी आहेत त्यामुळे हे होतं. पाऊस सरकतो, डोंगर सरकत नाही, म्हणून एक चित्र कधीच बघू नका, दहा दहा मिनिटांची तीन चार तरी बघा.

तिसरी पायरी: रंगावरून आकडा

पीपीआयच्या बाजूला रंगांची पट्टी असते, त्यावर डीबीझेड असे आकडे, म्हणजे झेड मोजायचं एकक. रडार लहर सोडतं, थेंबांवर आपटून थोडी परत येते, किती परत आली त्यावरून झेड निघतो. झेड हा थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर चालतो, सगळी गोम इथे आहे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्यातलं पाणी आठपट होतं, पण रडारला तो चौसष्टपट ठळक दिसतो. म्हणजे मोजके मोठे थेंब रडारवर भाव खाऊन जातात आणि आपल्या घाटातला बारीक पण दाट पाऊस बिचारा फिका दिसतो.

झेडवरून दर काढायचं जुनं आणि अजून वापरात असलेलं सूत्र मार्शल आणि पामर यांचं, १९४८ चं: झेड = २०० गुणिले दराचा १.६ घात. उलटं करायचं तर असं करा. डीबीझेडला १० ने भागा, १० चा तितका घात काढा, आला झेड. त्याला २०० ने भागा. जे आलं त्याचा ०.६२५ घात. उत्तर मिमी प्रति तास. एक्सेलमधे एकदा टाकून ठेवलं की परत बघायला नको. तोंडपाठ करण्यासारखे आकडे एवढेच: २० ला अर्धा पाऊण मिमी, ३० ला पावणेतीन, ४० ला साडेअकरा, ४५ ला चोवीसच्या आसपास, ५० ला ४९. म्हणजे पट्टीवर दहा वाढले की पाऊस चौपटीहून थोडा जास्त वाढतो. रंगाच्या एका पट्टीत पाच डीबीझेड असतील तर तुमच्या अंदाजात तिथेच दुपटीचा फरक आला, त्यामुळे दशांश चिन्हानंतरचे आकडे लिहायची हौस सोडून द्या.

आता हे एकच सूत्र नाही. अमेरिकेत वादळी पावसाला झेड = ३०० गुणिले दराचा १.४ घात वापरतात आणि उष्ण प्रदेशातल्या दमट, बारीक थेंबांच्या पावसाला २५० आणि १.२. यातून काय फरक पडतो ते एका उदाहरणातच बघू. समजा एका तासात दहा दहा मिनिटांनी तुमच्या गावावर २५, ३५, ४२, ४५, ३८, २८ डीबीझेड दिसले. मार्शल पामरने दर येतात १.३, ५.६, १५.४, २३.७, ८.७ आणि २.१. प्रत्येक चित्र दहा मिनिटांचं, म्हणजे तासाचा सहावा भाग, म्हणून बेरीज करून सहाने भागायचं: साधारण साडेनऊ मिमी. तेच डीबीझेड ३००-१.४ मधे घातले तर सव्वादहा. आणि २५०-१.२ मधे घातले तर एकोणीस! रडारने बघितलं एकच, पण थेंब कसले आहेत ते आपण काय धरतो त्यावर पाऊस दुप्पट.

मग नाशिकला कुठलं धरायचं? मी असं करतो, जुलै ऑगस्टची आडवी, ढगांचा गडगडाट नसलेली संततधार असेल तर २५०-१.२, आणि मे, सप्टेंबर अखेर, ऑक्टोबरचा विजांचा पाऊस असेल तर ३००-१.४. हा माझा ठोकताळा आहे, तुमचा डबा वेगळं म्हणाला तर डब्याचं ऐका.

नवीन माणसाच्या दोन ठरलेल्या चुका. एक, डीबीझेडचीच सरासरी काढणे. वरच्या उदाहरणात सरासरी ३५.५ येते, त्याचा दर फक्त ६ मिमी, आणि खरं उत्तर साडेनऊ. आधी प्रत्येकाचा दर काढा, मग सरासरी. दोन, गारा. ५५-६० डीबीझेड दिसलं आणि सूत्रात घातलं की तासाला शंभर दोनशे मिमी असले भलते आकडे येतात. ते पाणी नाही, ओल्या गारा आहेत, त्या रडारला प्रचंड चमकतात. म्हणून साधारण ५३ डीबीझेडच्या वर काहीही दिसलं तरी हिशोबात ५३ च धरायचं अशी पद्धत आहे, म्हणजे दर शंभरच्या आसपास अडतो. २०१४ च्या फेब्रुवारी मार्चची गारपीट ज्यांनी बघितलीये त्यांना असल्या रंगात पाऊस किती हा प्रश्न पडतच नाही म्हणा, बाग राहील का हाच पडतो.

चौथी पायरी: मुंबईचं रडार नाशिकचं नक्की काय बघतं

इथे थांबून नीट वाचा, बाकी सगळं कुठेही मिळेल.

कुलाबा ते नाशिक सरळ रेषेत साधारण १६० किमी, वेरावलीपासून साधारण १३५. रडारची लहर जमिनीला चिकटून जात नाही, साधारण अर्धा अंश वर उचलून सोडतात, आणि पृथ्वी गोल असल्याने जमीन खाली खाली जात राहते. हिशोब केला तर कुलाब्याची लहर नाशिकवर येईपर्यंत तिचा मध्य समुद्रसपाटीपासून पावणेतीन ते तीन किमीवर असतो. नाशिक स्वतः सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्यावर सव्वादोन किमीच्या पुढे. आणि लहर काही दोरीसारखी बारीक नसते, टॉर्चच्या झोतासारखी पसरते, एक अंश रुंदीची लहर इथपर्यंत जवळजवळ पावणेतीन किमी जाड झालेली असते. थोडक्यात रडार आपल्याला सांगतं की नाशिकवर, समुद्रसपाटीपासून दीड ते सव्वाचार किमी या थरात सरासरी काय चाललंय. अंगणात काय पडतंय हे ते बघतच नाही.

यातून चार भानगडी होतात.

पहिली, वाटेत सह्याद्री. कुलाब्याहून नाशिककडे रेष ओढली तर ती कसारा इगतपुरीच्या वरून जाते. कळसूबाई १६४६ मीटर, त्या अंतरावर लहरीची खालची कड एक किमीच्या आसपास असते, मग डोंगर तो झोत खालून खातो. त्याच्या मागे जे काही आहे ते सगळं कमी दिसतं. तुमचं गाव नेमकं कुठल्या डोंगराच्या सावलीत येतं ते नकाशावर पट्टी ठेवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी, घाटातला पाऊस खालच्या खाली वाढतो. पश्चिमेचा ओला वारा डोंगरावर चढतो आणि खालच्या ढगातच थेंब वाढून पडतात, लहरीच्या खाली. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या पुढे आणि तिथून जेमतेम ४५ किमीवरच्या नाशकात सातशेच्या आसपास, हा फरक रडारच्या चित्रात तेवढा ठळक कधीच दिसत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची मंडळी म्हणतात रडार खोटं बोलतं, खोटं नाही बोलत, खालचं बघत नाही. आणि गोदावरीला पाणी येतं ते त्र्यंबकच्या बाजूनेच, त्यामुळे शहरावरचा रडारचा रंग बघून दुतोंड्या मारुती (गोदापात्रातली मूर्ती, तिच्यावरून पूर मोजतात) कुठपर्यंत बुडेल याचा अंदाज बांधायला जाल तर हमखास चुकाल, गंगापूर धरणाच्या वरच्या भागात किती पडला आणि किती क्युसेक सोडलं ते बघायचं.

तिसरी, उलटी भानगड, पाऊस वर आहे पण खाली पोचत नाही. नोव्हेंबर, मार्च अशा कोरड्या हवेत दोन किमी वरून निघालेले बारीक थेंब वाटेतच विरून जातात. २५ डीबीझेड दिसतंय आणि दाजी फोनवर म्हणतायत "आभाळ आलंय पण पडत काही नाही", तर दोघंही खरे. आता मी कोरड्या महिन्यात ३० च्या खालचं धरतच नाही.

चौथी, वारा. सव्वादोन किमी वरून थेंब सेकंदाला सहा मीटरने पडत असेल तर खाली यायला सहा साडेसहा मिनिटं लागतात, तेवढ्यात सेकंदाला पंधरा मीटरचा वारा त्याला पाच सहा किमी घेऊन जातो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून शहराच्या पश्चिमेला सातपूरवर दिसलेला रंग पूर्वेला द्वारका भागाकडे पडतो. एका पिक्सेलवर बोट ठेवून "हे माझं शेत" म्हणू नका, आजूबाजूचे नऊ पिक्सेल घ्या आणि त्यांच्या दरांची सरासरी धरा.

अजून एक, वेरावलीचं रडार सी बँड आहे, म्हणजे लहर साधारण पाच सेंटीमीटरची, कुलाब्याची दहाच्या आसपास. पाच सेंटीमीटरची लहर जोरदार पावसातून जाताना झिजते. ठाणे कल्याणवर धो धो चालू असेल तर त्याच्या मागचं नाशिक वेरावलीवर उगाच शांत दिसतं, अशा वेळी कुलाब्याचं उघडा.

पाचवी पायरी: सॅटेलाइट

रडार काही कारणाने बंद असेल, किंवा तुम्ही येवला नांदगावकडे, म्हणजे रडारपासून आणखी लांब असाल तर सॅटेलाइटशिवाय इलाज नाही. पण आधी समजून घ्या की सॅटेलाइट पाऊस बघत नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी बघून पावसाचा तर्क करतं.

आपली इन्सॅट ३डी मालिका, ३डी २०१३ ची, ३डीआर २०१६ ची, ३डीएस फेब्रुवारी २०२४ ची, ३६ हजार किमीवरून दर अर्ध्या तासाला ढगांच्या माथ्याचं तापमान बघते, साधारण ४ किमीच्या पिक्सेलने. तर्क असा की माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि उंच तितका पाऊस जास्त. सगळ्यात साधी पद्धत म्हणजे २३५ केल्विनपेक्षा, म्हणजे उणे ३८ सेल्सियसपेक्षा, थंड असेल तर तासाला ३ मिमी धरा, नाहीतर शून्य. ही पद्धत अडीच अंशाच्या चौकोनासाठी काढलेली आहे, म्हणजे एका चौकोनात मुंबई, नाशिक, पुणे सगळंच आलं, महिन्याची बेरीज बघायला ठीक, आपल्या कामाची नाही. त्यापेक्षा बरी पद्धत वक्र रेषेची, हायड्रो एस्टिमेटर (सॅटेलाइटवरून पाऊस काढायचं एक गणित) ज्या कुळातला आहे ती. मूळ रेषेत २३० केल्विनला तासाला दोन मिमीपेक्षा कमी, २२० ला सहा सात, २१० ला चोवीस, २०० ला पंच्याऐंशी. दहा अंशात तिप्पट चौपट, म्हणजे तापमान थोडं इकडे तिकडे झालं की उत्तर कुठच्या कुठे. म्हणूनच नंतर त्यात हवेतला ओलावा वगैरेच्या दुरुस्त्या जोडल्या.

आपल्याकडे ही पद्धत दोन्ही बाजूंनी फसते. त्र्यंबक इगतपुरीचे पावसाळी ढग ठेंगणे, माथा तेवढा थंड नाही, सॅटेलाइट म्हणतं विशेष काही नाही आणि खाली भातखाचरं भरून वाहतायत. आणि ऑक्टोबरच्या वादळी ढगाचा वरचा पिसारा शंभर किमी पसरतो, तो बर्फासारखा थंड पण पाऊस फक्त मधल्या खोडाखाली, बाकी पिसाऱ्याखाली नुसती सावली. शिवाय थोडं सरकून दिसतं. ३डीआर विषुववृत्तावर ७४ अंश पूर्वेला आहे, म्हणजे जवळजवळ आपल्याच रेखांशावर पण दक्षिणेला, तिथून तिरकं बघताना १५ किमी उंच ढगाचा माथा खऱ्या जागेपेक्षा सहा सात किमी उत्तरेला दिसतो. ओझरवर दिसतोय तो ढग दक्षिणेला शहराकडे असू शकतो.

मायक्रोवेव्हवाले उपग्रह जास्त भरवशाचे, कारण ते ढगाच्या आतलं बर्फ आणि पाणी बघतात. पण ते पृथ्वीजवळून फिरतात, एका जागेवरून काही तासांनी एकदा जातात. २०१४ मधे सोडलेल्या जीपीएमच्या (जगभरचा पाऊस मोजायच्या मोहिमेच्या) मुख्य उपग्रहावर तर रडारच आहे, पण तोही आपल्या डोक्यावर थोडा वेळच. म्हणून नासाचं आयमर्ज: सगळ्या उपग्रहांची मोजणी एकत्र करून, मधल्या वेळात ढगांच्या हालचालीवरून भरून, दर अर्ध्या तासाला ०.१ अंशाच्या खोक्यांत पाऊस. फुकट आहे, जिओव्हॅनी नावाच्या साइटवर आपल्या भागाचा चौकोन निवडून आलेख काढता येतो. इन्सॅटचा डेटा इस्रोच्या मॉसडॅक साइटवर नोंदणी करून मिळतो.

आयमर्ज तीन वेळा निघतं. अर्ली साधारण चार तासांनी, लेट साधारण चौदा तासांनी, आणि फायनल साडेतीन महिन्यांनी ज्यात जमिनीवरच्या पर्जन्यमापकांची मासिक दुरुस्ती असते. आज फवारायचं का यासाठी फायनलचा उपयोग शून्य, पण गेल्या पाच वर्षांच्या हिशोबाला तेच घ्या, अर्ली नको. आणि खोकं केवढं ते लक्षात ठेवा, आपल्याकडे साधारण ११ बाय साडेदहा किमी, सव्वाशेच्या जरा खाली चौरस किमी. गंमत म्हणजे २० अक्षांशाची रेष शहरातूनच जाते आणि ती खोक्याची पण कड आहे, त्यामुळे पंचवटी एका खोक्यात आणि नाशिकरोड दुसऱ्यात. दोघांचा आकडा वेगळा आला म्हणून डोकं धरू नका. ठिकाण आणि खोकं यात किती फरक पडू शकतो त्याचं टोकाचं उदाहरण २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला त्याच २४ तासात ७३.

सहावी पायरी: सगळं एकाच वहीत

आता डबा कामाला येतो. एका वहीत किंवा शीटमधे रोज चार रकाने: तारीख, डबा, रडारवरून काढलेला एकूण, आयमर्ज लेट. सगळं सकाळी साडेआठ ते साडेआठ, आयमर्जचा दिवस यूटीसीचा असतो म्हणून अर्ध्या तासाचे आकडे घेऊन स्वतः बेरीज करा, ३ यूटीसी ते ३ यूटीसी.

वीस पंचवीस पावसाचे दिवस झाले की गुणोत्तर काढा. समजा डब्याची बेरीज १८६ आणि रडारची १२०, तर १८६ भागिले १२० म्हणजे १.५५. पुढच्या वेळी रडारचा आकडा १.५५ ने गुणायचा. रोजचं गुणोत्तर काढून त्यांची सरासरी नका घेऊ, एखाद्या दिवशी रडार ०.२ आणि डबा २ असं असतं, ते दहापट गुणोत्तर सगळ्याची वाट लावतं. बेरजेला बेरीज भागा. पावसाळ्याचं वेगळं, अवकाळीचं वेगळं गुणोत्तर ठेवा, आणि दुसऱ्या गावाचं उसनं घेऊ नका, दिंडोरीचं सिन्नरला चालत नाही. कृषी खात्याच्या महारेन साइटवर मंडळनिहाय पाऊस मिळतो, तो चौथा साक्षीदार म्हणून बघत जा, स्वतःच्या डब्यात काही घोळ असला तर तिथे लगेच कळतो.

गुणोत्तर लावूनही एका तासाच्या आकड्यात पन्नास टक्क्यांची चूक राहिली तर मी ती चूक मानत नाही. दिवसाचा आकडा बराच जवळ येतो, आठवड्याचा आणखी. दाजींना मी आता मिलिमीटर सांगतच नाही, "थेंब", "फवारणी धुईल", "सरीत पाणी उभं राहील" अशा तीन पातळ्या सांगतो, त्यातली कुठली हे मात्र छातीठोक.

शेवटचं, शून्य आणि "नोंद नाही" वेगळं लिहा. रडारचं चित्र आलं नाही, डबा कलंडला, गावाला गेलो, अशा दिवशी रकाना रिकामा ठेवायचा, शून्य लिहायचं नाही, नाहीतर बेरजेत तो कोरडा दिवस म्हणून घुसतो. दाजींनी पण आता बागेत डबा ठेवलाय आणि रोज साडेआठला मापाचा फोटो पाठवतात. परवाच्या फोटोत पाण्यात बेडूक होता. त्यांचं म्हणणं बेडकाचं पाणी वजा करून लिही, मी त्या रकान्यात "बेडूक" एवढंच लिहिलंय.